झोपमोडीचा गुन्हा

आस्तानं चेरीच्या केकचा पहिला घास तोंडात घातला, तेवढ्यात बेकरीच्या काचेबाहेर माणसं गोळा व्हायला लागली.

बाहेर, त्या छोट्या जर्मन गावाच्या चौकात, बाबांची सायकल उभी होती. तिला मागे जोडलेली दोन चाकांची गाडी, आणि गाडीत आस्ताचे अडीच वर्षांचे जुळे भाऊ, एब्बे आणि विलुम. चक्क झोपलेले! कोपनहेगनहून बर्लिनला सायकलनं निघाल्यापासून भरदुपारी दोघं एकदम झोपण्याची ही पहिलीच वेळ. ते जागे असले की आस्तानं गाडीशेजारी सायकल मारत बेडकाचं गाणं म्हणायचं, हा घरचा कायदा. थांबली की भोकाड! गाऊन गाऊन तिचा स्वतःचाच बेडूक झाला होता. आज तंबूच्या जागेपर्यंत हे दोघं झोपून राहिले, तर निदान रात्री जेवताना तिला बोलता तरी आलं असतं.

"बघ, लोकांना आपली पोरं किती आवडतायत!" बाबा कॉफी ढवळत म्हणाले.

"बाबा, ती आजी मोबाइल कानाला लावून ओरडतेय. आवडल्यावर कुणी असं ओरडतं का?"

आस्ता बाहेर धावली. निळ्या कोटातली आजी सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगत होती, "टाकून दिलीत हो लेकरं! रस्त्यावर! या गारठ्यात!"

"टाकलेली नाहीत, झोपलीयत!" आस्ता शाळेत शिकलेल्या जर्मनमध्ये कुजबुजत किंचाळली. "आणि हळू बोला!"

"तू कोण गं?"

"बहीण. आम्ही आत केक खातोय."

हे सांगायला नको होतं.

"ऐकलंत? लेकरं गारठ्यात, आणि ही आत केक खातेय!"

"अहो आजी, आमच्याकडे डेन्मार्कमध्ये बाळं बाहेरच झोपतात. बर्फ असला तरी! मीसुद्धा झोपायचे."

"तरीच अशी झालीस."

आस्ताचे कान लाल झाले. तेवढ्यात समोरचा खाटीक पुढे झाला. श्वास चालू आहे का बघू या, म्हणून त्यानं गाडीत हात घातला. "हात लावू नका!" आस्तानं त्याचा हात मागे ओढला. "पोरगी मारते!" कुणीतरी ओरडलं. आणि आजीनं बोलावलेली पोलिसांची गाडी चौकात शिरली, ती भोंगा वाजवतच.

जुळ्यांनी आधी डोळे उघडले. मग तोंडं.

"ही मुलं कुणाची?" पोलिसानं विचारलं. रडण्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही. कॉफीचा कप हातात घेऊन बाबा धावत आले आणि सगळ्यांशी हसत हस्तांदोलन करू लागले.

आता मात्र आस्ताचं डोकं फिरलं. "विचारताय काय? यांना पकडा! त्यांना पकडा! आणि स्वतःलाही! छान झोपली होती! ज्यानं उठवलं त्यानंच झोपवायचं, आमच्याकडे असाच नियम आहे!"

असला नियम जगात कुठेच नव्हता. पण तिचा आवाज असा काही लागला होता, की पोलीस मुकाट सायकलवर बसला आणि गाडी ओढत चौकातल्या चर्चला फेऱ्या मारू लागला. शेजारून आजी धापा टाकत चालत होती. बेडकाचं गाणं तिला शब्दाशब्दानं शिकवायला आस्ता मागून पळत होती. खाटकानं कोरस धरला. पोलिसाचा शर्ट घामानं भिजला, तेव्हा कुठे एब्बेची मान कलली, मग विलुमची.

"आत नेऊ का?" पोलिसानं हळूच विचारलं.

"आत? उकाड्यात लगेच उठतील!" आजी फिसकारली. "बाहेरच राहू दे."

तिनं बेकरीतून खुर्ची आणवली आणि गाडीला खेटून बसली. पोलिसानं चौकातली वाहनं दुसऱ्या गल्लीनं वळवली. खाटकानं सुऱ्यांचा आवाज नको म्हणून दुकानाचं दार लावून घेतलं.

आस्तानं सायकलचा स्टँड काढला. खट्!

"श्श!" सगळा चौक तिच्यावर धावून आला.

"आजी, आम्हाला निघायला हवं. उजेड आहे तोवर पोचायचंय."

"या दगडी रस्त्यावरून? गचके देत?"

"अहो, पण आमची मुलं आहेत ती!"

आजीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग जमलेल्या लोकांकडे वळून कुजबुजली, "ऐकलंत? लेकरं इतकी शांत झोपलीयत, आणि हिला निघायची घाई! कशी बाई माणसं असतात एकेक!"