पळालेली कमान

"या गावातल्या निम्म्या लोकांना मी गाडी चालवायला शिकवलंय!" प्राण्यांच्या निवाऱ्यात उभा राहून अक्सेल थोरुप बायकोला म्हणाला. "खाटीक क्नुडला मी रिव्हर्स शिकवला, इंगर-लिसे! त्या क्नुडला! त्याच्यापुढे हे कुत्रं म्हणजे किस झाड की पत्ती!"

"आपण एखादा म्हातारा, झोपाळू कुत्रा घ्यायचा, असं ठरलं होतं," इंगर-लिसे म्हणाली.

"घरात एक म्हातारा आणि झोपाळू आधीच आहे, असं तूच म्हणतेस ना?"

जाळीपलीकडे काळं-पांढरं, लांब तंगड्यांचं एक जनावर जागच्या जागी उड्या मारत होतं. त्याचा एक कान उभा आणि दुसरा आडवा. नाव टॉर्डन, म्हणजे गडगडाट. दोन घरांनी त्याला नेऊन परत आणून सोडलं होतं. "जरा उत्साही आहे," निवाऱ्यातली मुलगी म्हणाली. आणि 'जरा' म्हणताना ती जमिनीकडे बघत होती.

अक्सेलने तिकडे लक्ष दिलं नाही. शिस्त, सराव आणि आरशात बघणं, या तीन गोष्टींवर त्याने आयुष्य काढलं होतं. कुत्र्याला आरसा लागत नाही, म्हणजे काम आणखीच सोपं!

पहिल्याच आठवड्यात टॉर्डनने सोफ्याची एक बाजू संपवली. मग त्याने बागेतला पाण्याचा पाइप मारला, म्हणजे साप समजून अक्षरशः ठार मारला. गाडीत त्याला एकटं ठेवलं, तर गिअरची मूठ चावून खाल्ली. आणि अक्सेल निवृत्त झाला तेव्हा गाडीच्या टपावरची जी 'शिकाऊ' पाटी त्याने आठवण म्हणून भिंतीवर लावली होती, तीही एका दुपारी खाली ओढून तिचे असे तुकडे केले की नुसता 'ऊ' शिल्लक राहिला.

"ऊ!" इंगर-लिसे तो तुकडा हातात धरून म्हणाली. "अक्सेल, आता पुरे. आणखी एक वस्तू मोडू दे, रविवारी याला परत नेऊन सोडायचं. मी मस्करी करत नाहीये."

अक्सेलने तिला कसं सांगायचं? निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी उठल्यावर काय करायचं, हेच त्याला समजत नव्हतं. आता मात्र डोळा उघडायच्या आत कोणीतरी छातीवर पुढचे पाय ठेवून उभं असायचं, जणू अक्सेल थोरुप जागा होणं ही जगातली सर्वांत मोठी बातमी! तिसऱ्यांदा परत सोडलेल्या कुत्र्याला चौथ्यांदा कोण घेणार?

अशात शेजारच्या ओर्लाच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायचा दिवस जवळ आला.

आता अशा दिवशी शेजाऱ्यांनी पहाटे गुपचूप दारावर हिरव्या फांद्यांची कमान उभारायची, बँड लावून नवरा-बायकोला झोपेतून उठवायचं आणि मग त्यांच्याच घरात बसून गरम पाव हाणायचे, ही तर तिकडची रीतच. पण ओर्लाची बायको गुद्रुन शरद ऋतूत पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती चर्चमागच्या वृद्धाश्रमात होती. डॉक्टर तिला एवढ्यात बाहेर सोडेनात. ओर्ला रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसायचा आणि परत आला की कोणाशी धड बोलायचा नाही.

"कमान नको, बँड नको, काही नको!" त्याने कुंपणावरून बजावलं होतं. "नवरीच घरात नाही, तर दार कोणासाठी सजवता?"

मग वृद्धाश्रमातच कमान लावावी, म्हणून इंगर-लिसे तिथल्या व्यवस्थापिका विबेकेबाईंना भेटून आली. बाई म्हणाल्या, सकाळी आवाज चालणार नाही, माणसं आजारी आहेत, नियम आहे. झालं!

शेवटी सगळ्या गल्लीने ठरवलं, की ओर्ला ओरडला तर ओरडला, पण लग्नाचा पन्नासावा वाढदिवस बिनकमानीचा जायचा नाही.

त्या दिवशी उजाडता उजाडता सगळे दबक्या पावलांनी ओर्लाच्या दारात जमले. पातळ पट्ट्यांच्या सांगाड्यावर देवदाराच्या फांद्या, कागदी गुलाब, छोटे झेंडे आणि वर सोनेरी '५०'. कमान अशी देखणी, की इंगर-लिसेच्या डोळ्यांत पाणी आलं. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावली. अक्सेलच्या हातात मात्र टॉर्डनची दोरी होती.

"त्याला का आणलंस?" इंगर-लिसे कुजबुजली.

"घरी एकटा ठेवला असता तर घर राहिलं असतं का?"

तेवढ्यात कोणीतरी अक्सेलच्या हातात हातोडी दिली. कमान अजून नुसती भिंतीला टेकवलेली होती, खिळे ठोकायचे होते. अक्सेलने दोरी कमानीच्या खांबाला बांधली.

"सुटेल ती!" इंगर-लिसे म्हणाली.

"ही खलाशांची गाठ आहे. जहाज सुटेल, पण ही गाठ सुटणार नाही!"

हे मात्र शंभर टक्के खरं ठरलं. गाठ सुटली नाही.

कारण त्याच क्षणी दार धाडकन उघडलं आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातला ओर्ला गरजला, "मी नको म्हटलं होतं ना!" ट्रम्पेटवाला दचकला आणि दचकून त्याने जो सूर फुंकला, तो सूर नव्हताच, गळा दाबलेल्या हंसाची किंकाळी होती! टॉर्डन हवेत उडाला, खाली आला तो पळतच आला, आणि त्याच्यामागे अख्खी कमान आडवी होऊन निघाली!

"थांब! टॉर्डन, ब्रेक! ब्रेक!" अक्सेल हातोडीसकट धावला.

कमान पुढे, अक्सेल मागे, त्याच्यामागे इंगर-लिसे, मग सगळी गल्ली, आणि सगळ्यांच्या मागे बँड. एवढा मोठा ढोल घेऊन पळायचं म्हणजे काय थट्टा आहे? पावलागणिक तो आपोआप वाजत होता. धम! धम! धम! लोक झोपेतून उठून खिडक्या उघडत होते. कोणालातरी वाटलं मिरवणूक आहे. तोही चपला घालून सामील झाला.

"माझी कमान!" मागून ओरडा आला. अक्सेलने वळून बघितलं, तर पायजम्यावर ओर्ला, पायात रबरी बूट, आणि धावतोय कसा, एखाद्या पोरासारखा! "अरे पकडा! माझ्या लग्नाची कमान आहे ती!"

"तुला तर नको होती ना?" अक्सेल धापा टाकत म्हणाला.

"मला नको होती, म्हणून काय कुत्र्याला द्यायची?"

बेकरीच्या कोपऱ्यावर टॉर्डन डावीकडे वळला. कुठे निघालाय, ते अक्सेलला समजलं. रोज फिरायला नेताना वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराशी हा थांबायचा आणि तिथली बोडिल त्याला कलेजी लावलेला पावाचा तुकडा द्यायची. आता नाश्त्याची वेळ! दारात आज गाडी आडवी असली तरी हा उडी मारून जाणार! आणि आत विबेकेबाई! गेलं, सगळं गेलं. रविवार कशाला, आजच त्याला परत न्यावं लागणार.

टॉर्डन वृद्धाश्रमाच्या बागेत शिरला. गुलाबाचे दोन वाफे ओलांडून स्वयंपाकघराकडे झेपावला. पण कमान काही कोपऱ्यावर वळेना! जेवणघराच्या मोठ्या काचेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना जी झाडं होती, त्यांच्यात ती अडकली, दोरीला हिसका बसला, आणि टॉर्डनच्या त्या हिसक्याने कमान हळूहळू उठून बरोबर दारावर उभी राहिली. थोडी वाकडी. एका बाजूचे गुलाब गळालेले. '५०'मधलं शून्य लोंबकळत होतं.

काचेच्या आत, चाकाच्या खुर्चीत, चहाचा कप हातात धरून गुद्रुन बसलेली!

सगळे थिजले. ढोल शेवटचा एकदा वाजला. ओर्ला धापा टाकत कमानीखाली येऊन उभा राहिला. कोणीतरी आतून दार सरकवलं.

"ओर्ला," गुद्रुन म्हणाली, "पायजम्यावर?"

"कुत्रं... कमान..." ओर्लाने वर बोट दाखवलं. मग एकदम तो म्हणाला, "तुला न्यायला आलो."

"पन्नास वर्षांपूर्वीही चर्चमध्ये तू असाच धापा टाकत, उशिरा आला होतास," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. ओर्लाने गुडघे टेकून तिचे हात धरले. ट्रम्पेटवाल्याला आपल्या मघाच्या पापाची भरपाई करायची होती. त्याने इतका गोड सूर लावला, की जेवणघरातली सगळी म्हातारी माणसं गायला लागली. एक आजोबा, जे म्हणे नाताळपासून बोलले नव्हते, चमच्याने टेबलावर ताल धरून खणखणीत आवाजात गात होते!

विबेकेबाई धावत आल्या. "हा काय आवाज चाललाय? नियम आहे!"

"मग तो मोडलाय," इंगर-लिसे शांतपणे म्हणाली. "आमच्या कुत्र्याने मोडलाय."

बाईंनी त्या आजोबांकडे बघितलं. मग गुद्रुनकडे. मग डोळे पुसत आत वळून ओरडल्या, "बोडिल! भट्टीतले सगळे पाव बाहेर काढ!"

पाव घेऊन दाराशी आलेल्या बोडिलच्या पायाशी टॉर्डन कलेजी खात होता. इंगर-लिसे त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्याचा आडवा कान खाजवत म्हणाली, "रविवारी कुठेही जायचं नाही हं तू. सोफा आपण दुसरा घेऊ."

अक्सेलने नाक शिंकरलं. मग छाती पुढे काढून तो भोवतीच्या लोकांना सांगू लागला, "वळण बघितलंत का? बेकरीपाशी? वेग कमी करून, डावीकडे बघून! एवढं मोठं सामान मागे बांधून असं वळणं येरागबाळ्याचं काम नाही! शिकवलेलं कुत्रं आहे!" तेवढ्यात वर्तमानपत्राची मुलगी कॅमेरा घेऊन आली. अक्सेलने केस नीट केले, टॉर्डनची दोरी हातात घेतली आणि कमानीखाली रुबाबात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात होते नव्हते ते सगळे अंक उचलून आणले. पहिल्या पानावर केवढा तरी मोठा फोटो! मधोमध गुद्रुन आणि ओर्ला, त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढलेला टॉर्डन, आणि अगदी कडेला, जिथे फोटो संपतो तिथे, दोरी धरलेला एक हात आणि अर्धी पँट.

अक्सेलने पान उलटं केलं, सुलटं केलं, दिव्याखाली धरलं.

इंगर-लिसेने त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "गुडघा मात्र छान आलाय हं तुझा," ती म्हणाली.