चारशे बारा नोंदी आणि बाकी किरकोळ

विदुषीला वाटलं होतं, गेलेल्या माणसाचं घर उघडलं की आत एक प्रकारची शांतता असेल. आपण पांढरे हातमोजे घालून एकेक वस्तू उचलू, ती वस्तू आपल्याशी बोलेल आणि आपण ते टिपून घेऊ. दूर देशी दोन वर्षं राहून ती हेच शिकून आली होती. ('घरगुती वस्तू आणि माणसाची स्मृती' हा तिच्या प्रबंधाचा विषय. तो वाचताना मार्गदर्शक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं ती सांगायची. कशामुळे, ते तिने विचारलं नव्हतं.)

प्रत्यक्षात काकांचं घर उघडलं तेव्हा फ्रीज घरघरत होता, नळ ठिबकत होता, आणि वस्तूंची किंमत ठरवायला आलेले गृहस्थ बूटसुद्धा न काढता वीस मिनिटांत तिन्ही खोल्या फिरून कागदाखाली सही ठोकत होते. हातमोजे तिने घातले होते. त्या गृहस्थांनी प्यायला पाणी मागितलं, ते तिने हातमोज्यांनी दिलं. तेवढाच हातमोज्यांचा उपयोग झाला.

विदुषी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. ती परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आत्याने ते तिला चिकटवलं, आणि ते इतकं फिट्ट बसलं की आता वडीलसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत.

तर हे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये लोकांच्या मालमत्तेच्या याद्या सांभाळल्या आणि शेवटी स्वतःचं मृत्युपत्र करून गेले. वकिलांच्या ऑफिसात ते वाचलं तेव्हा वडील, आत्या, विदुषी आणि बावीस वर्षं काकांचा स्वयंपाक केलेल्या मावशी असे चौघे हजर होते. घर विकून येईल ते भावाबहिणीत निम्मं-निम्मं. कलम सहा: कोर्टात द्यायच्या यादीत ज्या वस्तूंची नोंद करून किंमत लावली असेल, त्याही भावाबहिणीने वाटून घ्याव्यात. कलम सात: यादीत ज्यांची नोंद नाही अशा किरकोळ वस्तू झाडून सगळ्या मावशींच्या.

काका वेडे नव्हते. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो याद्या पाहिल्या होत्या आणि प्रत्येक यादीत स्वयंपाकघर कुठल्या शब्दात मावतं हे त्यांना पाठ होतं.

कलम सात वाचलं तेव्हा मावशींनी पदराने डोळे टिपले. रुग्णालयासमोर त्यांनी खानावळीसाठी एक खोली ठरवली होती. एक तारखेपासून सुरू करायची. साठवलेलं सगळं त्या खोलीच्या अनामत रकमेत गेलं होतं. पातेली, शेगडी, फ्रीज आणि जेवायचं टेबल काकांच्या घरातून येणार होतं. ते आलं नाही तर खानावळीत नुसत्या मावशीच राहणार होत्या.

विदुषीने मात्र कलम सात ऐकलंच नाही. ती त्या वेळी वकिलांच्या टेबलावरच्या पेपरवेटच्या आतला बुडबुडा पाहत होती आणि तो किती वर्षं तिथे अडकून पडला असेल या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

त्यामुळे किंमत ठरवणाऱ्या गृहस्थांचा कागद हातात आला आणि तिचं डोकं फिरलं. कागदावर सहा ओळी होत्या. अंगठी, मनगटी घड्याळ, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, रेडिओ. सहावी ओळ: 'बाकी किरकोळ.'

"बाकी किरकोळ म्हणजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे बाकी. किरकोळ."

"एका माणसाचं अख्खं आयुष्य तुम्ही दोन शब्दांत गुंडाळलंत."

"दोनात मावतंय तर तिसरा कशाला, ताई?"

"हे पातेलं बघा. याचा तळ किती झिजलाय. किती वर्षांचा हात फिरलाय यावरून."

"झिजलाय ना?" गृहस्थ पेन खिशाला लावत म्हणाले. "मग आणखीच किरकोळ."

ते गेले, आणि विदुषीने त्यांच्या कागदाचे चार तुकडे केले. यादी आपण स्वतः करणार असं तिने जाहीर केलं. वडिलांनी विरोध केला नाही. दोन वर्षांच्या शिक्षणातून घरात आजवर फक्त शब्द आले होते, आता काहीतरी काम होतंय याचंच त्यांना समाधान वाटलं. वकील फोनवर एवढंच म्हणाले, "करा. पण जरा आटोपशीर करा." (आटोपशीरपणा हा तिच्या विद्यापीठात गुन्हा समजला जाई.)

तिने वहीत चार रकाने आखले. वस्तू, स्थिती, अंदाजे किंमत, आणि स्मृतिमूल्य, दहापैकी. सुरुवात स्वयंपाकघरापासून.

"मावशी, ही गाळणी कुठून आली?"

"दुकानातून."

"तसं नव्हे. तिच्यामागची गोष्ट काय?"

मावशींनी विचार केला. "आधीची फाटली."

विदुषीने लिहिलं: 'एका गाळणीने दुसरीची जागा घेतली. सातत्य.' दहापैकी सात.

मावशी हुशार होत्या, पण भिडस्त होत्या. हे माझं आहे, लिहू नका, असं म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून मागणं, आणि ते त्यांच्या जिभेवर येईना. म्हणून त्या वस्तूंची निंदा करू लागल्या.

"हे मोठं पातेलं राहू द्या ताई. कलंडतं ते."

'किंचित कलते. स्वतःचा स्वभाव असलेले भांडे.' आठ.

"ही शेगडी तर नकोच. एकच बर्नर धड पेटतो. दुसऱ्याला रोज शिव्या द्याव्या लागतात."

"कुठल्या शिव्या?" विदुषीने पेन सरसावलं.

"आणि फ्रीजचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. कोण घेणार असला फ्रीज? सोडून द्या."

विदुषीने पेन खाली ठेवलं. तिने हातमोजा काढून मावशींचा हात हातात घेतला. "मावशी, तुम्ही तुमच्या श्रमांना स्वतःच कमी लेखताय. जगाने तुम्हाला तसं शिकवलंय. पण मी शब्द देते, माझ्या यादीतून या स्वयंपाकघरातला एक चमचासुद्धा सुटणार नाही."

मावशींनी ओट्यावरच्या चमच्यांकडे पाहिलं.

"एखादा सुटला तर चालेल हो," त्या म्हणाल्या.

सहा दिवसांत चारशे बारा नोंदी झाल्या. छत्रीची मूठ, छत्रीविना. थर्मासचं झाकण, दुसऱ्या थर्मासवर बसवलेलं. साबणाची वडी, अर्धी. किमती ठरवायला तिने इंटरनेटवर दूरदेशीची जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळली. तिथे फुटक्या कपबशीवरही लोक लिलावात बोली लावत होते, त्यामुळे काकांचं स्वयंपाकघर बघता बघता एका छोट्या संग्रहालयाच्या किमतीला जाऊन पोचलं.

यादी वडिलांनी वाचली, मग आत्याने वाचली. आत्या गेल्या दहा वर्षांत त्या स्वयंपाकघरात फिरकली नव्हती आणि घरातलं काहीच नको असं चारचौघांत सांगत होती. ती एकशे अठरा नंबरशी, आमटी वाढायच्या डावाशी, थांबली.

"हा डाव माझ्या डोळ्यांसमोर आहे लहानपणापासून."

"दादाने तो पाच वर्षांपूर्वी घेतला," वडील म्हणाले. "मी होतो सोबत. म्हणजे तसा तो माझ्याकडेच यायला हवा."

"तुला डाव कशाला? तू आयुष्यात कधी वाढलंयस कुणाला?"

"म्हणूनच. आता वाढेन."

अर्ध्या तासात दोघांनी एकशे अठरावर खुणा करून ठेवल्या, मग फ्रीजवर, मग कलत्या पातेल्यावर. यादी मात्र दोघांना मनापासून आवडली. वडिलांनी सही करताना विदुषीच्या पाठीवर थाप मारली. "शिक्षण वाया गेलं नाही हो तुझं," ते म्हणाले. हे वाक्य ऐकायला ती दोन वर्षं आणि तीन विमानं एवढ्या लांबून आली होती. यादी त्याच दिवशी कोर्टात दाखल झाली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वकिलांचा फोन आला. "मावशींना पत्र पाठवायचंय. नवा पत्ता काय त्यांचा?"

"कसलं पत्र?"

"त्यांच्या वाट्याला काही उरत नाही असं कळवायला लागतं. कलम सातप्रमाणे."

"कलम सात काय आहे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग वकिलांनी कलम सात वाचून दाखवलं. हळू, आणि दोनदा.

"पण काहीतरी सुटलं असेलच ना यादीतून," विदुषी म्हणाली.

"शोधलं मी. भिंतीतले खिळे सुटलेत. पण ते घरात धरतात."

"तुम्ही मला आधी सांगायचं होतंत."

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत," वकील म्हणाले. "इतकं पुरं काम चुकून होत नाही."

ती तडक काकांच्या स्वयंपाकघरात गेली. मावशी आपल्या दोन साड्या आणि चपलांचा जोड पिशवीत भरत होत्या. ओट्यावरचं काहीही त्यांनी उचललं नव्हतं. सगळ्यावर विदुषीने आपल्या हाताने नंबरांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही इतक्या मायेने लिहीत होतात." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "साहेब शेवटी शेवटी रोज म्हणायचे, मावशी, काळजी करू नका, या घरात सगळं किरकोळ आहे. मला फार बरं वाटायचं ऐकून."

"मग खानावळीचं?"

"खोलीवाल्याला सांगते उद्या. अनामत देतोय का बघते परत. नाही देणार बहुतेक."

विदुषीने पुन्हा वकिलांना फोन लावला. रस्ता होता. यादी करणाऱ्याने स्वतः अर्ज देऊन आपली चूक कबूल केली तर ती मागे घेता येते, आणि आधीच्या कागदाची नक्कल त्या बूटवाल्या गृहस्थांकडे असणारच. भावाबहिणीची संमती लागत नाही. फक्त चूक कशी झाली त्याचं कारण द्यावं लागतं.

वडिलांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "चूक म्हणणार? अगं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय तू काय काम केलंयस ते. डावाचं जाऊ दे. पण तुझ्या पहिल्याच कामावर तूच फुली मारणार?"

ती आपल्या खोलीत गेली. अंथरुणावर पडल्या पडल्या ती वाक्यं जुळवत राहिली. 'मूल्याच्या संकल्पनेबाबत दृष्टिकोनभेद झाल्यामुळे.' हे बरं होतं. यात कुणाचंच काही चुकत नव्हतं. मग तिला डकवलेल्या चिठ्ठ्यांच्या मधोमध पिशवीची गाठ मारणारे मावशींचे हात आठवले, आणि ते वाक्य तिने खोडलं.

सकाळी वकिलांचं ऑफिस उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन उभी राहिली. टायपिस्टने कुलूप काढलं, पंखा लावला आणि तिला समोर बसवलं.

"मी ठरवलंय," विदुषी म्हणाली. मान ताठ होती. "मी मुळीच सारवासारव करणार नाही. जे खरं आहे तेच कारण लिहा. लिहा: यादी करणाऱ्या व्यक्तीला घरातल्या वस्तूंची आणि घरातल्या माणसांची काहीही माहिती नव्हती."

टायपिस्टने खण उघडला, एक फॉर्म काढून तिच्यापुढे सरकवला आणि बोटाने तिसरी ओळ दाखवली.

"ते छापीलच आहे, ताई," तो म्हणाला. "तुम्ही फक्त खाली शिक्षण लिहा आणि सही करा."