बारा उत्तरपत्रिका आणि एक गफूर

माझं नाव प्रताप दांडेकर. आखातात, मीना अब्दुल्ला गावातल्या एका तेल कंपनीत मी सेफ्टी इंजिनियर आहे, पण तो आपला पोटापाण्याचा उद्योग. हाडाचा मी डिटेक्टिव्ह. नजर तीक्ष्ण, बुद्धी अफाट, आणि नाक असं की गॅस कुठे गळतोय ते यंत्राच्या आधी मला कळतं. मला कळलेल्या जागी आजवर गॅस सापडलेला नाही, पण त्याला मी काय करणार?

परवा ट्रेनिंग विभागाच्या अर्चना मॅडमनी मला तातडीने बोलावलं. टेबलावर सुपरवायझर पदासाठी झालेल्या इंग्रजीच्या परीक्षेचे बारा पेपर पडले होते.

"वाचा," त्या म्हणाल्या.

पहिला प्रश्न रिकाम्या जागेचा होता. 'ॲज स्लो ॲज' कोण? अपेक्षित उत्तर गोगलगाय. बाराही जणांनी लिहिलं होतं, गफूर.

दुसरा प्रश्न: 'डेव्हिड टोल्ड जॉन दॅट ही वॉज लेट.' उशीर कोणाला झाला? आता या वाक्यातला 'ही' म्हणजे डेव्हिड की जॉन, ते खुद्द डेव्हिडलाही सांगता आलं नसतं. 'नक्की सांगता येत नाही' एवढंच लिहायचं होतं. पण बाराही जणांना नक्की सांगता आलं होतं. गफूरला.

"पेपर फुटलाय," मॅडम म्हणाल्या. "कॉपी सिद्ध झाली तर बाराही नापास."

त्या बारांत अशरफ होता, आमच्या प्लांटवरचा रत्नागिरीचा टेक्निशियन. सुपरवायझरचा पगार लागल्याशिवाय त्याच्या बायकोचा, फरहीनचा, व्हिसा निघणार नव्हता. लग्न झाल्यापासून दोघं फोनवरच संसार करत होते. मला फार वाईट वाटलं. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

मंगफला घरी येऊन मी लीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं.

"अरे, मग त्या बाराजणांनाच विचार ना, गफूर कोण ते!"

"संशयितांनाच विचारायचं? मग देवाने मला बुद्धी कशाला दिलीय?"

"तेच मला इतकी वर्षं कळत नाहीये," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

मी मात्र विचार केला आणि हादरलो. गफूर हा माणूस नव्हताच! जी म्हणजे गॅस, ए अलार्म, एफ फायर, पहिला ओ ऑइल, दुसरा ऑक्सिजन, आर रेस्क्यू. बारा टेक्निशियन जीव तोडून इशारा देत होते! दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ट्रेनिंगची अख्खी इमारत रिकामी करवली. उन्हाळ्यात ज्या वेळी उघड्यावर काम करायला बंदी असते, नेमक्या त्या वेळी सगळा स्टाफ डांबरावर उभा होता आणि एकटक माझ्याकडे पाहत होता. ती नजर कृतज्ञतेची नव्हती.

"आत आग नाहीये," मॅडम म्हणाल्या. "इथे बाहेर मात्र लागेल."

म्हणजे गफूर माणूसच. आणि साधासुधा नव्हे, पेपरफोड्या टोळीचा म्होरक्या! मी खोट्या मिशा लावून पहाटे अब्बासियात, कामगारांच्या वस्तीत, शिरलो. एका भारतीय किराणा दुकानासमोर आमच्या कंपनीची माणसं डबे घेऊन उभी होती. मी हळूच एकाच्या कानात म्हटलं, "गफूर?"

त्याने घड्याळ पाहिलं आणि खोल उसासा टाकला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा म्हणाला, "भाई, सुबह सुबह उसका नाम मत लो." दुकानदाराने तर थेट आकाशाकडे बोट केलं. "इन्शाल्ला, आयेगा."

केवढी ही दहशत! घामाने मिशा ओठावर घसरल्या होत्या. तिथे थांबणं जिवावरचं होतं. मी गाडीत बसून सटकलो.

शेवटी शुक्रवारी सकाळी मी बाराही जणांना ट्रेनिंग हॉलमध्ये बोलावलं. कंपनीची बस त्यांना आणणार होती. ठरलेली वेळ होऊन गेली, कोणी आलं नाही. आणखी बराच वेळ गेला.

"पळाले!" मी म्हणालो. "एव्हाना सरहद्द ओलांडली असणार."

"आज माझी सुट्टी आहे," मॅडम दातओठ खात म्हणाल्या. "घरी पाहुणे येऊन बसलेत."

इतक्यात बाहेर हॉर्न वाजला. बाराजण घाम पुसत आत आले.

"कोणामुळे झाला एवढा उशीर?" मॅडम कडाडल्या.

"गफूर!" बाराही जण एका सुरात म्हणाले.

त्यांच्यामागून थर्मास घेतलेला एक गोलमटोल गृहस्थ आत आला. बसचा ड्रायव्हर गफूरभाई, श्रीवर्धनचा. "अशरफ खाली आला नव्हता म्हणून थांबलो, म्याडम. मग साकिबचं पाकीट राह्यलं. मग ओवैस झोपलेला. कुणाला टाकून कसा येणार? आपलीच मानसं हायत."

अशरफचा चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग गफूरभाईंकडे, आणि लाल पेन उघडलं.

"आज मी इथे बसून जे भोगलंय, त्यानंतर गोगलगाय लिहिणाऱ्यालाच मी नापास केलं असतं." त्यांनी बाराही पेपरांवर बरोबरची खूण केली. "आणि दुसरंही बरोबर. डेव्हिड-जॉनला मी ओळखत नाही. यांना ओळखते."

"केस सुटली!" मी जाहीर केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशरफ रडत होता आणि गफूरभाई सगळ्यांना चहा ओतत होते.

पुढे व्हिसा निघाला. फरहीनला आणायला अशरफ विमानतळावर निघाला तेव्हा गफूरभाई हट्टाने बस घेऊन आले. मीही गेलो. वाटेत ते दोनदा थांबले, एकदा फुलांसाठी आणि एकदा माझ्यासाठी. आम्ही पोचलो तेव्हा फरहीन एकटीच बॅगेवर बसून होती.

"मी कवाची बसलेय हितं!" तिचे डोळे भरून आले. "कुणामुळं झाला उशीर?"

मागे गफूरभाई फुलांचा गुच्छ धरून, मान खाली घालून उभे होते. अशरफने त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

उत्तर साफ चूक होतं. मी मार्क कापले नाहीत.