पेंढारकर सरांचे चष्मे

पेंढारकर सरांनी मला पहिल्यांदा चष्मा घालायला लावला तो फोडणी करताना. प्रयोगशाळेतला, जाड प्लास्टिकचा. माझ्या नवऱ्याची जयपूरला बदली झाली, राजा पार्कमध्ये घर मिळालं, आणि शेजारी मराठी माणूस निघाला म्हणून मी हौसेनं पोहे खायला बोलावलं. तर सर येऊन ओट्याशीच उभे. "मोहरी उडते, वहिनी. मतलब, होत नाही काही. पण झालं तर?"

सर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. तीस वर्षं इथे एकटेच राहिलेले. खिशात कायम दोन चष्मे. संक्रांतीला अख्खी गल्ली गच्चीवर पतंग उडवते, तेव्हा हे जिन्यात उभे राहून चष्मे वाटणार. भाजीवाल्या भैयालाही एक दिलेला. सर दिसले की तो बिचारा मुकाट्यानं घालायचा. मला मात्र वैताग यायचा. माझ्याच घरात मी चोरून फोडणी द्यायची म्हणजे काय?

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. "सुनीताचा फोन आला होता. घरी येतेय. मी नाही म्हणून सांगा."

सुनीता त्यांची जुनी विद्यार्थिनी. प्रयोग करताना तिच्या डोळ्यात ॲसिड उडालं, डावा डोळा गेला. त्या दिवशी चष्मे कमी पडले होते, आणि दोन मिनिटांचं तर काम, म्हणून सरांनीच तिला तसंच उभं केलं होतं. दवाखान्यात फळं पाठवली; स्वतः गेले नाहीत. त्याला बावीस वर्षं झाली. "ती काय म्हणेल, वहिनी?"

सरांचं दार बंद बघून तिनं आमची बेल वाजवली. खोटं बोलायचं ठरवूनच मी दार उघडलं. चाळिशीची बाई, हातात मिठाईचा डबा. "सर यहीं हैं ना? उनकी चप्पल बाहर है."

मी दारातून बाजूला झाले. तिला बसवलं. बऱ्याच वेळानं सर बाहेर आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"सर, बेटी ने केमिस्ट्री ली है," ती म्हणाली. "थोड़ा पढ़ा देंगे?"

सर तिच्या डावीकडे बसल्यामुळे तिला सारखी मान वळवावी लागत होती. ते उठले, खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली, आणि तिला नीट दिसतील असे बसले.

"मला माफ कर, बाळा," म्हणाले, मराठीतच. तीस वर्षांची हिंदी विसरले होते बिचारे.