महाजबड्याचा उपवास

समुद्राविषयी निःपक्षपाती मत फक्त समुद्रापासून लांब राहणाऱ्यालाच बनवता येते, आणि या बाबतीत वर्धा जिल्ह्याची योग्यता वादातीत आहे. त्यातही सिंदी रेल्वे या गावाची. म्हणून १९९८ च्या नवरात्रात तिथल्या दुर्गा मंडळाने परग्रहावरच्या महासागराची झाँकी, म्हणजे देखावा, करायचे ठरवले, यात नवल नव्हते. (आदल्या वर्षी हिमालय केला होता. तो कापसाचा असल्याने सगळ्यांना घरचाच वाटला.)

काम विज्ञानाचे शिक्षक चंद्रभान गुरुजींकडे आले. त्यांनी महिनाभर खपून बांबू आणि बारदानाचा 'महाजबडा' उभा केला: दोन सूर्यांच्या ग्रहावरचा, बैलगाडीएवढ्या डोक्याचा, समोर येईल ते गिळणारा शिकारी. दातांच्या तीन रांगा, आणि जबड्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या मासोळ्या. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके शिकवलेल्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःचे काही केले होते. ते पाहून लोकांनी घाबरून मागे सरावे, एवढीच त्याची इच्छा होती.

मंडळ पुढे सरले.

"गुरुजी, हा तं मासोळ्या खाऊन राह्यला," अध्यक्ष भैय्याजी म्हणाले. भैय्याजी कापसाचे व्यापारी; गिळण्याची क्रिया त्यांच्या परिचयाची होती. "मायसमोर मांसाहार? नाई जमत."

"पण शिकारी हाये तो, भैय्याजी."

"असन. नवरात्रात आमच्या घरचे बी खात नाई."

या युक्तिवादाला विज्ञानाकडे उत्तर नाही. ठराव झाला: महाजबडा नऊ दिवस उपवास धरील. (परग्रहावर नवरात्र कधी येते हे ठरवायला उपसमिती नेमली. तिने आपलेच पंचांग ग्राह्य धरले.) उपवास आहे तर एवढे दात कशाला, म्हणून दोन रांगा उपटल्या. मासोळ्या आता भक्ष्य उरल्या नाहीत, तेव्हा त्यांना हात लावून, ते जोडून, भक्त करण्यात आले. महिला शाखेच्या कौशल्याबाईंना मात्र दया आली. "एवढा मोठा जीव, उपाशी कसा राहीन? थोडी भगर तं ठेवजा." भगर ठेवली. पाठ रिकामी दिसत होती, तिथे देणगीदारांची नावे रंगवली.

दरवेळी गुरुजींनी मान डोलावली. निदान जबडा तरी उघडा राहील, अशी त्यांना आशा होती.

"उद्या जबडाबी मागतीन," बायको रीता म्हणाली. "तुम्ही गप काऊन बसून राह्यले?"

"योग्य वेळी बोलतो," गुरुजी म्हणाले.

अष्टमीला जबडा शिवला. (उपवासाच्या दिवशी उघडे तोंड बरे दिसत नाही.)

नवमीला तालुक्याहून झाँकी स्पर्धेचे परीक्षक आले. तोंड शिवून भगरीपुढे बसलेला महाशिकारी त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि माईक गुरुजींपुढे धरला. "गुरुजी, हे शास्त्रीय आहे ना?"

योग्य वेळ म्हणतात ती हीच. रीता पहिल्या रांगेत उभी होती. महाजबडा गरीब गायीसारखा बघत होता. गुरुजींनी भैय्याजींकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले, घसा खाकरला.

"हो जी. पूर्ण शास्त्रीय."

पहिले बक्षीस मिळाले. टाळ्या थांबायच्या आत रीता घरी निघून गेली होती.

तुम्हाला गुरुजींचा राग आला असेल. यायलाच हवा. एक 'नाई' म्हणायला त्या माणसाचे काय जात होते? फक्त तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या नाहीतर घरच्याच गेल्या बैठकीत, तुम्हाला अजिबात न पटलेल्या गोष्टीवर "सगळ्यांना मान्य ना?" असे कोणी विचारले, तेव्हा तुम्ही घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावलात, असे आमच्या कानावर आले आहे.