श्वास रोखून धरण्याबाबत

माणसाच्या शरीराचा मूळ दोष असा की ते स्थिर राहत नाही. ते वाकते, बसते, जेवल्यावर फुगते आणि दुसरे काही जमले नाही तर निदान श्वास तरी घेते. कपडे शिवणाऱ्यांनी हा दोष पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने सहन केला. आमच्या फॅशन संस्थेने मात्र गेल्या वर्षी त्यावर उपाय म्हणून थ्रीडी छपाईचे यंत्र घेतले.

हे यंत्र कापडावर नुसते चित्र उमटवत नाही. ताणून बसवलेल्या जाळीच्या कापडावर ते वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर चढवते आणि त्यातून नखाएवढे उभे खवले तयार करते. एका बाहीला बेचाळीस तास लागतात. (पूर्वी मास्तर दीड तासात बाही लावून चहालाही जाऊन येत. त्या काळी प्रगतीची सोय नव्हती.) यंत्राची निवड अकरा जणांच्या समितीने केली. त्यांपैकी नऊ जणांनी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नसल्यामुळे निर्णय अगदी निःपक्षपाती झाला.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. एकतीस वर्षे खिडकीजवळच्या एकाच टेबलावर. वार्षिक प्रदर्शनात छापील झगा यशस्वी झाला, तर ते टेबल उचलावे आणि मास्तरांना घरी पाठवावे, असा ठराव समितीने केला. तो टाइप मीच केला. मास्तरांनी तो वाचून सही केली आणि एवढेच म्हणाले, "टेबल उचलाल तेव्हा खालची टाचण्यांची डबी सांभाळा. सांडली तर कुणाच्या तरी पायात घुसतील."

मास्तरांच्या कामाला शास्त्रीय शिस्त नव्हती, हे कबूल केले पाहिजे. कमरेभोवती टेप धरली की ते मध्येच विचारत, "आई कशी आहे?" समोरचा माणूस सुस्कारा टाकून आईचे गुडघे, आईचा हट्ट, आईचे न ऐकणे असे सगळे सांगू लागला, की मास्तर गुपचूप आकडा लिहून घेत. शिवाय शिवणीच्या आत दोन बोटे जास्तीचे कापड सोडत, म्हणजे पुढेमागे कपडा सैल करता येतो. धंद्यात याला माया म्हणतात. (आमच्या नव्या नियमावलीत तिची नोंद 'अनुत्पादक कापड' अशी आहे.)

यंत्र कोणाच्या आईची चौकशी करत नाही. प्रदर्शनात झगा घालण्याचा मान संचालकांच्या धाकट्या मुलीला मिळाला. ती माप घेणाऱ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि चारचौघांसारखे तिनेही पोट आत ओढून श्वास रोखला. कॅमेऱ्याने चार सेकंदांत तिचे माप केसाच्या जाडीपर्यंत अचूक टिपले, आणि यंत्राने तंतोतंत तेवढाच झगा छापला. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कशालाच जागा नव्हती.

प्रदर्शनात झगा अप्रतिम दिसला. मुलगी मंचावर येऊन उभी राहिली, टाळ्या झाल्या आणि संचालकांनी 'बंधमुक्त वस्त्रे' या विषयावर भाषण सुरू केले. दुसऱ्या मिनिटाला तिचा चेहरा झग्याच्या रंगाचा झाला. (झगा जांभळा होता.) ती हळूहळू मागे सरकत पडद्यापाशी गेली. पडद्याआड मास्तर उभे होते.

"मास्तरकाका, श्वास घेता येत नाहीये."

"बोलू नकोस. हात वर कर."

मास्तरांनी मोठ्या कात्रीने झगा काखेपासून कमरेपर्यंत सरळ उभा चिरला. स्वतःच्या खांद्यावरच्या सुती कापडाची पट्टी फाडून त्या फटीत बसवली, चार टाके घातले, दोन टाचण्या लावल्या आणि सवयीने विचारले, "आई कशी आहे?" पोरीने एकदाचा श्वास सोडला आणि रडू लागली. मी जवळच उभा होतो, ठरावाची प्रत माझ्या खिशात होती. मला स्वतःची लाज वाटली. (ही बाब इतिवृत्तात घेतलेली नाही.)

ती डोळे पुसून पुन्हा मंचावर गेली. प्रेक्षकांना ती पट्टीच सगळ्यांत आवडली. एक समीक्षक तर म्हणाले, असे धाडस यंत्रच करू जाणे. दुसऱ्या दिवशी समितीने अहवाल दिला. झगा यशस्वी झालेला असल्याने ठरावाप्रमाणे टेबल उचलावे. पट्टी लोकप्रिय असल्याने यापुढे तीही प्लास्टिकची छापावी, चार टाके आणि दोन टाचण्यांसकट. राहता राहिला ग्राहकांचा श्वास. त्यासाठी मास्तरांच्या रिकाम्या जागेत सराववर्ग सुरू करावा. आजमितीस वर्गातील ग्राहक सरासरी दोन मिनिटे दहा सेकंद टिकतात. (बेशुद्ध पडलेले सरासरीत धरलेले नाहीत.)

टेबल उचलताना डबी सांडलीच. अजूनही आठवड्यातून एकदा वर्गात कुणीतरी पाय धरून खाली बसते. बसल्यावर झगा तडकतो, आणि मग दुसरा छापावा लागतो. मास्तर परत येतील का, असे संचालकांच्या मुलीने एकदा विचारले होते. तिला अर्ज करायला सांगितले आहे.

वाचकहो, आपल्याला हसू येत असेल. पण मघाशी कॅमेऱ्यासमोर पोट आत ओढण्याचा उल्लेख आला, तेव्हा आपणही नकळत पोट आत घेतलेत. संकोच नको, सगळेच घेतात. आम्ही तेच माप नोंदवले असून आपला झगा छपाईला गेला आहे. आईची चौकशी करायला आता इथे कोणी नाही. तेव्हा पोट सोडू नका.