स्पीडसाठी गल्ली बंद

अभिमन्यूचं ठरलं होतं : काम घरात बसून करायचं आणि पगार पुण्याचा घ्यायचा. मुलाखत झाली, निवडही झाली. उरली होती एकच अट. दुपारी बाराच्या आत घरच्या नेटचा स्पीड मोजून स्क्रीनशॉट पाठवायचा. आकडा तीसच्या वर हवा, नाहीतर नोकरी पुढच्या उमेदवाराला.

"तीस? आपला प्लॅन शंभरचा आहे. दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला आणि अकराला त्यानं बटण दाबलं.

काटा तरातरा चढला आणि सव्वीसवर बसला, विडी ओढायला बसलेल्या गवंड्यासारखा.

वडील रावजी मागंच उभे होते. केम हे गाव सोडून सोलापुरात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. शहराबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती : नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि शेजाऱ्यांच्या मोटारी चालू असल्या की आपल्या नळाला नुसती हवा येते.

"दाब न्हाय," रावजी म्हणाले. "समद्यांनी एकदम वढलंय."

"आण्णा, नेटचं तसं नसतं."

"मग कसं असतंय?"

अभिमन्यू समजावायला कागद-पेन शोधू लागला. तोवर रावजी गल्लीत उतरलेही होते. "पोराच्या नोकरीचा सवाल हाय. तासभर वायफाय बंद ठिवा."

पाण्याच्या दिवशी एकमेकांच्या मोटारीची वायर उपटणारी माणसं ती. पण नोकरीचं नाव ऐकून सहाच्या सहा घरांनी निमूट बटणं बंद केली. आणि मग त्यांना काही सुचेना.

शेजारचे गुरुसिद्धप्पा मोबाईल घेऊन दारात आले. "रावजी, मॅच अर्धीच राहिली की. तुमचं चालू हाय न्हवं?"

"हाय की. बसा."

आई बजाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि पाठोपाठ पासवर्ड सांगितला. मागनं उरलेली पाच घरंही आली, लेकराबाळांसकट.

स्पीड नऊ.

"आई, पासवर्ड कशाला दिलास? बंद करायला सांग त्यांना."

"तुज्यासाटी त्यांनी घरातलं बंद केलं, अन् आपुन न्हाय म्हणायचं? बरं दिसतं व्हय?"

पावणेबाराला स्पीड चार. गुरुसिद्धप्पा खांद्यावरून डोकावले. "चारच? माज्याकडं साठ येतंय की."

अभिमन्यू लॅपटॉप काखेत मारून पळाला. गुरुसिद्धप्पांचं दार सताड उघडं, घरात कुणी नाही, गॅसवर दूध. त्यानं आधी गॅस बंद केला, मग वायफाय चालू केलं आणि राउटरवर लिहिलेला पासवर्ड टाकला. एकसष्ट. अकरा अठ्ठावन्नला स्क्रीनशॉट गेला. घर कुणाचं, हे कंपनीनं विचारलं नव्हतं. बारा वाजून चार मिनिटांनी अभिनंदनाचा मेल आला.

याला आता सात महिने झाले. गल्लीनं आपापली बटणं त्याच दुपारी चालू केली, पण सगळ्यांना रावजींच्या बैठकीची सवय लागली ती लागलीच. दिवसभर मंडळी तिथंच असतात. सगळ्यात पुढं गुरुसिद्धप्पा. "आमच्याकडं बस की रोज," त्यांनी अभिमन्यूला मोठ्या मनानं सांगून टाकलंय. "तसंबी मी हितंच असतो."

नेमणुकीच्या पत्रात 'कामाचं ठिकाण : घर' असं लिहिलंय. त्यासाठी अभिमन्यू रोज सकाळी साडेनऊला डबा घेतो, पायात चपला घालतो आणि घराबाहेर पडतो.